नाव कुठल्या रकान्यात

पेडणे किंवा डिचोलीच्या मामलेदार कचेरीतून जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढला, की कागदावर माणसांची तीन जागी वाटणी झालेली दिसते. पहिला भोगवटादार, म्हणजे गावच्या बोलण्यात भाटकार. मग कुळाचा रकाना. तिथे कधी एखादे नाव, कधी नुसती मोकळी जागा. शेवटी ‘इतर हक्क’, आणि त्यात मुंडकाराचे, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, घर, पायवाट, विहिरीचे पाणी असे सगळे एका ओळीत कोंबलेले. १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतर जी मोजणी झाली, तिच्यातून हा कागद आला. माणसांसाठी त्यात चौथा रकाना नाही. जो आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात रोजावर गेला, ज्याने गावाची सुपे आणि टोपल्या विणल्या, ज्याची गुरे पिढ्यान्‌पिढ्या पठारावर चरली, तो या कागदापुरता गावात राहतच नाही.

भाटकार, कूळ आणि मुंडकार ही काही जातींची नावे नव्हेत. कायद्याच्या लेखी ती निव्वळ आर्थिक नाती आहेत. तरीही पेडणे महालातल्या कुठल्याही जुन्या माणसाला घेऊन गावातून चक्कर मारली, तर वाडे आणि रकाने एकमेकांवर कसे बसतात ते तो चालता चालता सांगतो. मालकांत सारस्वत घराणी, काही देसाई, आणि देवस्थाने. कुळांत मराठा, भंडारी. उताऱ्याबाहेर बहुतेक महार आणि चांभार, डोंगरावर धनगर. अपवाद पुष्कळ सापडतात, पण कुणाच्या तोंडून ते आपणहून निघत नाहीत, विचारावे लागतात.

पुढल्या पानांचा विषय हा आहे: अर्थव्यवस्था बदलते, तिच्यामागची विचारसरणी बदलते, तेव्हा जन्माने ठरलेल्या विषमतेचे काय होते? प्रश्न जगभर विचारला गेला आहे, आणि मुख्यतः वंशाच्या संदर्भात. शिकागोच्या गॅरी बेकर यांनी १९५७ मध्ये बाजाराच्या बाजूने उत्तर दिले. कातडीचा रंग पाहून कामगार निवडणारा मालक आपल्या पूर्वग्रहाची किंमत नफ्यातून मोजतो, त्यामुळे स्पर्धा पुरेशी असेल तर तो टिकायचा नाही, असे त्यांचे गणित. त्याआधी १९४४ मध्ये त्रिनिदादच्या एरिक विल्यम्स यांनी उलट टोकाकडून सुरुवात केली होती: आधी उसाच्या मळ्यांना फुकटचे हात हवे होते, मग त्या गुलामगिरीचे समर्थन करायला वंशद्वेष तयार झाला. ऑलिव्हर कॉक्स १९४८ मध्ये आणखी पुढे गेले आणि म्हणाले, वंशभेद ही भांडवलशाहीची निपज, जात ही निराळी, जुनी आणि स्वस्थ चीज. खालच्या जातींनी आपली जागा मनापासून मान्य केलेली असते, अशी त्यांची समजूत दिसते. बारा वर्षे आधी डॉ. आंबेडकरांनी ‘जातिभेद निर्मूलना’त नेमक्या याच समजुतीच्या चिंधड्या उडवल्या होत्या. जात कामाची विभागणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांचीच उतरंड लावते, हा त्यांचा मुद्दा आजही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो त्यापेक्षा जास्त शिकवला जायला हवा.

जात म्हणजे वंश नव्हे, असा आक्षेप इथे हमखास येतो. खरेच नव्हे. पण मराठी वाचकाला ही दोन नावे शेजारी ठेवायला परक्या विद्यापीठाची परवानगी लागत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. १९४६ मध्ये आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली. गोव्यात तर ही तुलना करावीच लागत नाही. इथे वंशाची उतरंड आणि जातीची उतरंड चारशे वर्षांहून अधिक काळ एकाच राज्यात नांदत होत्या, आणि एकीचा माणूस दुसरीत कुठे बसतो यावर त्याचे नशीब ठरत होते.

पेडणे पोर्तुगिजांकडे आले १७८८ च्या जानेवारीत, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे, १७८१-८२ च्या सुमारास. जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बारदेश, साष्टीत, धर्मांतर आणि इन्क्विझिशन यांचा सगळा इतिहास घडून गेल्यावर ही नवी काबिजाद जोडली गेली. योगायोग असा, की त्याच १७८८ मध्ये पिंटोंच्या कटातल्या पंधरा जणांना देहदंड झाला. १७८७ च्या या कटाच्या मुळाशी गोमंतकीय पाद्रींची तक्रार होती: शिक्षण तेच, दीक्षा तीच, पण वरची पदे मात्र गोऱ्या कातडीला. लिस्बनने १७६१ मध्येच फर्मान काढून भारतात जन्मलेल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क दिले होते. ते गोव्यात जाहीर व्हायला १७७४ उजाडले. समतेचा कागद तेरा वर्षे कुठल्या टेबलावर पडून राहिला, याची आजच्या कचेऱ्यांत खेटे घालणाऱ्याला कल्पना करता येईल.

नव्या काबिजादीतल्या हिंदूंना मात्र समता नव्हे, अभय मिळाले. तुमच्या देवळांना, रूढींना, गावच्या रीतीला हात लावणार नाही, असे सरकारने मान्य केले. आपण या अभयाची गोष्ट अभिमानाने सांगतो, आणि बारदेशात काय घडले ते पाहता सांगावीशी वाटणे साहजिक आहे. पण गावची रीत अबाधित राहिली म्हणजे वेठही अबाधित राहिली, पाणवठा वेगळा तो वेगळाच राहिला, आणि गाव इनाम मिळालेल्या मोकासदाराचा शब्द शेवटचा तो शेवटचाच. पोर्तुगीज राजवटीला पेडण्यात महसूल आणि शांतता हवी होती, आणि ती मिळवायचा स्वस्त मार्ग म्हणजे आहे त्या मालकाला मान देणे. पेडण्याचे देशप्रभू राजाकडून ‘व्हिस्कोंद’ झाले. मये गाव एका ‘कोंदा’च्या मालकीचे. लिस्बनच्या दरबारात ज्याला वंशामुळे दुय्यम समजले जाई, तोच आपल्या महालात हजारोंचा मालक. या दोन गोष्टींत विरोध नव्हता, वसाहतीचा कारभार या जोडणीवरच चालायचा.

याच काळातला आणखी एक कागद लक्षात घेण्यासारखा आहे. १८८६ च्या नियमावलीने, आणि पुढे १९३३ च्या दुरुस्तीने, देवस्थानांच्या महाजनांची नोंद सरकारदरबारी होऊ लागली. देऊळ म्हणजे नुसती पूजा नव्हे. जमिनी, नारळाच्या बागा, खंड, उत्सवातले मान हे सगळे त्यात आले. तोवर रीतीने, भांडणाने, कधी सोयीने ठरणारी गोष्ट या नियमावलीने नावानिशी पुस्तकात बांधली. जो त्या यादीत नव्हता, त्याचे पालखीला खांदा देणे, चौघुडा वाजवणे, दिवजा पेटवणे चालूच राहिले. देवस्थानच्या हिशेबाच्या वहीपाशी त्याला जागा राहिली नाही. आधुनिक राज्ययंत्रणेने जातीला इतके पक्के कागद दिल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला गोव्यात दिसत नाही.

आणि खालच्या माणसाला वंशाची उतरंड कुठे भेटायची? १८९५ मध्ये गोव्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला. तिथल्या गुंगुन्याना राजाविरुद्ध पोर्तुगिजांची मोहीम चालू होती. शिपायांनी नकार दिला, सत्तरीत नाणूसच्या किल्ल्याचा आसरा घेतला आणि राणे त्यांना जाऊन मिळाले. आपण हा राण्यांचा उठाव म्हणून वाचतो. पण आफ्रिकेतली वसाहत जिंकायला आशियातल्या वसाहतीची माणसे स्वस्तात वापरायची, हे साम्राज्याचे अर्थकारणही त्यात आहे. त्याच मोझांबिकच्या किनाऱ्यावरून पूर्वी गोव्यात गुलाम आणले जात होते. निसटलेल्यांपैकी कित्येक कारवार-हल्याळच्या रानात गेले. तिथले सिद्दी त्यांचे वंशज. गोव्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत सिद्दींचे नाव आजही छापलेले असते आणि बहुतेक गोंयकारांना ते कधी दिसलेले नसते.

१९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीत आणले. त्याचा पहिला लाभ ज्यांच्या घरी अक्षर होते, पेढी होती, त्यांनी घेतला, आणि त्यात नवल नाही. मग हुकूमशहा सालाझार आले, १९३० चा वसाहत कायदा आला, आणि पत्रकार लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांच्यासारख्यांना उमगले की आपण पुन्हा दुय्यम झालो. १९५१ मध्ये घटनेत वसाहतींचे नाव बदलून ‘सागरापारचे प्रांत’ असे करण्यात आले. त्याच सुमारास ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तू फ्रेयरी सरकारी पाहुणे म्हणून गोव्यात येऊन गेले; पोर्तुगीज माणूस मुळातच वंशभेद मानत नाही, ही त्यांची मांडणी राजवटीने उचलून धरली. विचारसरणी किती गोड असू शकते, याचा हा नमुना. डिचोलीच्या मुंडकाराला या चर्चेचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. तो भाटकाराच्या परवानगीवाचून झावळ्यांच्या जागी कौले चढवू शकत नव्हता.

खाणींनी या सगळ्याला हलवले. १९०६ च्या पोर्तुगीज कायद्याने कन्सेशनची वाट उघडली, पण बहर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानला पोलादासाठी लोहखनिज हवे झाले तेव्हा. भारताने १९५५ च्या सुमारास नाकेबंदी आवळल्यावर खाण हाच पोर्तुगीज गोव्याचा आधार झाला. शिरगाव, मुळगाव, मये, लामगाव, पाळी, वेळगे: डिचोलीचे डोंगर एकेक करून फुटू लागले. खाणमालक एका जातीचे नव्हते, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. सारस्वत होते, मराठा होते, ख्रिस्ती होते, आणि पेडण्यात जन्मलेले, बहुजनांतून वर आलेले दयानंद बांदोडकरही होते. बेकर यांच्या अनुयायाला इथे आनंद व्हावा. पैशाने जात पाहिली नाही. मात्र कन्सेशन मिळवायला पोर्तुगीज अर्ज, वकील, नकाशा आणि पणजीत ओळख लागायची, आणि ही सामग्री कुणाच्या घरात असायची ते वर आलेच आहे. बांदोडकरांचे कर्तृत्व त्यामुळेच अचाट वाटते. पण एका माणसाच्या कर्तृत्वावरून व्यवस्थेला प्रमाणपत्र देणे मला मान्य नाही.

खाणीखाली मात्र कामाची वाटणी लगेच जुन्या वळणावर गेली. सुरुवातीला दगड हातोडीने फुटायचा आणि टोपल्यांनी वाहिला जायचा. ती टोपली गावातल्या आणि बाहेरून आणलेल्या गरीब बायकांच्या डोक्यावर. यंत्रे आल्यावर टोपली गेली, बायकांचे कामही गेले. मग ट्रक आले. चीनच्या मागणीने २००० नंतर जो उधाणाचा काळ आला, त्यात डिचोलीच्या घराघरापुढे ट्रक उभे राहिले, सारमानसच्या धक्क्यापर्यंत रांगा लागल्या, आणि २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज परदेशी गेले. ट्रकसाठी बँक कर्ज देते, कर्जाला तारण लागते, आणि तारण म्हणजे पुन्हा जमीन. ज्याच्या नावावर जमीन होती तो ट्रकमालक झाला, नव्हती तो त्याच ट्रकवर ड्रायव्हर किंवा क्लीनर. पावसाळ्यात खाणीचा गाळ शेतात उतरला तर भरपाई शेतकऱ्याला. त्या शेतात लावणीला जाणाऱ्या बाईचा हंगाम बुडाला तो तिचा तिने सोसायचा.

२०१२ मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर खाणी बंद झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुने पट्टे २००७ मध्येच संपल्याचे सांगितले, फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकरण झालेले ८८ पट्टे रद्द केले. न्यायालयाने खनिज जनतेचे मानले, हे मोठेच पाऊल. पण बंदीची झळ कुणाला किती लागली, याचा हिशेब ट्रकमालकांच्या मोर्च्यांवरून लावला गेला, कारण मोर्चा काढायला संघटना त्यांचीच होती.

आता बाजू बदलतो. राज्यसंस्थेने हस्तक्षेप करून उतरंड मोडायचा प्रयत्न केला, त्याचे फळ गोव्यात खरोखरच दिसले, आणि ज्यांना ते कबूल करणे जड जाते त्यांच्यासाठी हा परिच्छेद. बांदोडकर डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले. १९६४ चा कूळ कायदा आला, खंडाला मर्यादा आली. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि कुळाचे पोर भाटकाराच्या पोराशेजारी बाकावर बसले. त्यांच्या मागून आलेल्या शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आणि १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती झाली. कूळ मालक ठरले, मुंडकाराला घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात पेडणे, डिचोलीने महाराष्ट्रात विलीन व्हायच्या बाजूने मते का दिली, याचे उत्तर भाषेच्या वादात शोधणाऱ्यांनी कुळाच्या पोटातली भीती विसरू नये. विलीनीकरण हरले, १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१. ती १,३८,१७० मते मराठीची होती हे खरे, पण त्यांतली कितीतरी भाटकार परत येऊ नये म्हणूनही पडली होती.

आणि तरी. कूळ म्हणून नोंद व्हायला आधी शेत कसायला मिळालेले असावे लागते. महार-चांभारांना ते क्वचितच मिळाले होते, म्हणून ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा त्यांच्या वाड्यावरून तशीच पुढे गेली. गोव्यात अनुसूचित जाती २०११ च्या जनगणनेत दोन टक्क्यांहूनही कमी. एवढ्याशा मतांसाठी कुणी दुरुस्ती करत नाही. चाळीस आमदारांच्या विधानसभेत त्यांच्यासाठी राखीव जागा एकच, ती पेडण्याची. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ उजाडले, आणि त्यानंतरच्या चार विधानसभा निवडणुका त्यांच्यासाठी एकही जागा न राखता झाल्या. धनगर अजून त्या यादीबाहेरच आहेत. बहुजनवादाने भाटकाराला खाली आणले. बहुजनांतल्या सर्वांत खालच्या पायरीकडे पाहायला त्याला सवड झाली नाही. विष्णू वाघ यांच्या ‘सुदिरसूक्त’ या कोंकणी कवितासंग्रहावरून २०१७ मध्ये जे वादळ उठले, त्यात ब्राह्मण-बहुजन हे जुने भांडण पुन्हा पेटले. महारवाड्याचा विषय त्या गदारोळातही कुणी काढल्याचे मला आठवत नाही.

मयेची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर मालक पोर्तुगालला गेले, गाव ‘इव्हॅक्युई प्रॉपर्टी’ झाले, आणि लोक आपल्याच घरात सरकारी कस्टोडियनचे भाडेकरू बनले. मालकी हक्क नष्ट करणारा कायदा २०१४ मध्ये झाला. म्हणजे मुक्तीनंतर अर्धे शतक उलटून गेल्यावर.

आजची व्यवस्था म्हणजे बाजार, आणि पेडणे महाल तिचे नवे मैदान आहे. मोपाच्या पठारावर दोन हजार एकरांहून मोठा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून चालू झाला. भूसंपादनाचा मोबदला उताऱ्यावरच्या नावांना मिळाला, त्यावरून कुळे आणि मालक यांचे तंटे अजून चालू आहेत. बाराजणच्या धनगरांना घरे सोडून खाली कासारवर्ण्यात यावे लागले; चराईच्या वहिवाटीची नोंद कुठल्याच उताऱ्यात नसते. खाली किनाऱ्यावर मोरजी, मांद्रे, हरमलला जमिनीचा भाव चढला, तसे कालपर्यंत नापीक समजले जाणारे रेतीचे तुकडे सोन्याचे झाले. भंडारी-खारवी घरांतल्या काहींनी खोल्या बांधल्या, शॅक चालवले, मुलांना शिकवले. या किनाऱ्याने काही घरांना एका पिढीत जे दिले ते शेतीने शंभर वर्षांत दिले नव्हते. पर्यटनाच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे नाकारू नये. तेरेखोलात गोल्फ कोर्स येऊ घातला, तेव्हा मात्र कुळे आणि मालक पुन्हा समोरासमोर आले.

आणि वंश? तो गेला कुठे असे वाटत असेल तर ३१ ऑक्टोबर २०१३ आठवावा. नायजेरियन तरुणाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीजवळ महामार्ग अडवला, आणि एका मंत्र्याने त्यांची तुलना कर्करोगाशी केली. मागाहून माफीही मागितली. अमली पदार्थांचा धंदा खोटा नव्हता. पण मोरजीत रशियन पाट्या लागल्या तेव्हा आपण त्याला व्यवसाय म्हटले, आणि काळ्या माणसाला खोली देताना कागद दोनदा तपासले. ग्राहक म्हणून दोघांचे पैसे सारखेच होते. बेकर यांचे गणित खरे असते तर घरमालकाने पूर्वग्रह सोडून भाडे घेतले असते. इथे त्याने भाडे सोडले. डिचोलीच्या एखाद्या वाड्यात आडनाव विचारून मगच खोली देणारा घरमालकही हेच करतो.

या संग्रहातले लेखक एकमेकांशी सहमत नाहीत, आणि त्यांना सहमत करायचा प्रयत्न मी केला नाही. एकाला सगळे दुखणे जमीनमालकीत दिसते, दुसऱ्याला देवळात, तिसरीला बाजार हाच अजूनही खालच्या माणसाचा त्यातल्या त्यात बरा मित्र वाटतो. माझे स्वतःचे मत वर पुरेसे उघडे पडले आहे: प्रत्येक नवी राजवट समतेची भाषा घेऊन आली, पण वाटप करताना तिने आधीच्या राजवटीची यादीच पुढे ओढली, आणि त्या यादीत जन्म आधीच लिहिलेला होता.

ताजी यादी सध्या डिचोलीत तयार होत आहे. २०२२ च्या लिलावानंतर नव्या पट्ट्यांवर खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत. मुळगाव, शिरगाव भागातल्या लोकांची मागणी आहे की आमची घरे, देवळे, तळी आणि शेते पट्ट्याच्या हद्दीतून आधी वगळा, मग खोदा. ग्रामसभेत ही मागणी एकमुखाने होते. भाटकार, कूळ, मुंडकार सगळे एका बाजूला. वगळायच्या जागांचा नकाशा कोण काढतो, आणि वहिवाटीची चराई, पाणवठे, वाडीतली उताऱ्याविना उभी असलेली घरे त्यात येतात की नाही, हे तपासायचे काम अजून व्हायचे आहे.